मॅप लहान की मोठा, आणि चौघांनी काय काय उचलायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चौघं रात्री दहानंतर खेळायला बसतो, एक कर्वेनगरातून, दोघं नऱ्ह्याच्या रूमवरून आणि मी जिथून नेट नीट येईल तिथून. चुलत-मावस भावंडं, ऑफिसातली पोरं, रूममेटचे ज्युनियर, सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. बरंचसं बीजीएमआयबद्दल (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, फोनवरचा गोळीबाराचा गेम; खेळायची जागा म्हणजे झोन लहान होत जातो आणि शेवटी उरेल ती टीम जिंकते) आहे कारण आमचा जास्त वेळ तिथेच जातो, बाकीच्या गेम्सचं शेवटी थोडं थोडं.

दादा, मी सगळ्या मॅपला एम४१६ च नेतो, चालतं की. मग लोडआउट, म्हणजे सोबतच्या बंदुका आणि सामान, बदलायची भानगड कशाला?

चालतं, नाही कोण म्हणतंय. एम४१६ ही असॉल्ट रायफल (एआर) म्हणजे वरण-भात, कुठेही वाढा, कोणी उपाशी राहत नाही. पण तू एकट्याचं बघतोयस. स्क्वाडमध्ये (टीममध्ये) चौघांकडे मिळून आठ बंदुका असतात आणि त्या आठच्या आठ एकाच कामाच्या असल्या तर दुसऱ्या कामाला कोणीच नाही. चौघं एम४१६ आणि यूएमपी (जवळून मारायची छोटी बंदूक, म्हणजे एसएमजी) घेऊन मिरामार या मोठ्या, उघड्या मॅपला गेलात आणि समोरच्या टेकडीवरून एकाने एसएलआर (लांबून मारायची रायफल) काढली की चौघंही दगडामागे बसून एकमेकांना विचारणार, कुठून मारतोय रे. म्हणून 'मी काय घेऊ' हे नंतर, आधी 'आपल्याकडे काय नाहीये' ते विचारायचं.

एरंगेल हा मॅप ८ बाय ८ किलोमीटर म्हणतात, पण ते नक्की किती मोठं हे डोक्यात बसत नाही.

माझ्याही नव्हतं बसत, मग मी पुण्यावर मोजलं. शनिवारवाड्यासमोर उभे राहा, तोंड दक्षिणेला. हवाई अंतराने मंडईच्या थोडं पुढे गेलात की नुसा हा मॅप संपला, तो १ बाय १. स्वारगेटला पोचलात की लिविक संपला, २ बाय २. सातारा रोडने पद्मावतीच्या आसपास सॅनहॉक, ४ बाय ४. बालाजीनगरला मोबाइलवरचा विकेंडी, ६ बाय ६. आणि थेट कात्रज चौकापर्यंत गेलात तेव्हा कुठे एरंगेल किंवा मिरामारची एक बाजू होते, नुसती एक बाजू हां, तेवढंच आडवंही आहे. बसने जाऊन बघा एकदा, मग झोन लांब पडला की गाडी का पाहिजे ते आपोआप कळेल.

पण साइजपेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्यात माणसं किती कोंबलीयेत. एरंगेलला १०० जण आणि ६४ चौरस किलोमीटर, म्हणजे माणशी ०.६४, त्यात पाणीही आलं. सॅनहॉकला तेच १०० जण पण जागा १६, माणशी ०.१६. लिविकला ५२ जण ४ चौरस किलोमीटरमध्ये, माणशी ०.०८ सुद्धा नाही. नुसाला ३२ जण एका चौरस किलोमीटरमध्ये, माणशी ०.०३. म्हणजे एरंगेलला एका माणसाच्या वाट्याला जेवढी जागा येते तेवढ्यात लिविकला आठ जण उभे असतात. तुळशीबागेत दिवाळीच्या आधीच्या रविवारी गेलायत ना, तसं. तिथे कोणी दुर्बीण घेऊन जातं का?

म्हणजे मोठा मॅप म्हणजे स्नायपर आणि छोटा मॅप म्हणजे एसएमजी, एवढंच ना?

नाही, आणि इथेच सगळे फसतात, मीही फसलोय.

मॅपची साइज बघून बंदूक घ्यायची नसते, भांडण किती अंतरावर होणार आहे ते बघून घ्यायची असते, आणि ते अंतर मॅचभर बदलत राहतं. एरंगेलला पहिली पाच मिनिटं तुम्ही घराघरांत लूट करताय, तिथे कोणी भेटला तर दहा-पंधरा मीटरवरच भेटणार. मग मधला सगळा वेळ शेतं, रस्ते, टेकड्या, दोनशे-तीनशे मीटर. आणि शेवटचा झोन परत एवढासा, तो एरंगेलचा असो की लिविकचा, दोन झाडं आणि एक दगड. मॅप कात्रजपर्यंत असला तरी शेवट वाड्याच्या अंगणातच होतो.

आमचं एकदा असंच झालं. गुरुवार होता, दुपारभर लाइट नव्हती, फोन कसेबसे चार्ज करून रात्री बसलो. माझ्याकडे करनाइन्टीएट आणि मिनी१४, दोन्ही लांबून मारायच्या बंदुका, दोन्हींवर मोठे स्कोप, अख्खी मॅच मी राजासारखा टेकडीवर बसून होतो, तीन नॉक काढले (म्हणजे तिघांना आडवं पाडलं), शेखी मिरवून झाली, आणि शेवटचा झोन पडला पोचिंकी गावाच्या घरांमध्ये. जिन्यावर समोरासमोर एक जण आला. माझ्या स्कोपमध्ये फक्त त्याच्या शर्टाचं बटण दिसत होतं. पुढचं सांगत नाही. तेव्हापासून नियम एकच, हातातल्या दोन बंदुकांपैकी एक तरी जिन्यात चालली पाहिजे, मग मॅप कुठलाही असो.

बरं, मग ८ बाय ८ ला चौघांचं वाटप कसं करायचं?

आम्ही असं करतो, तुमचं वेगळं असू शकतं.

एकाकडे बोल्ट अ‍ॅक्शन, करनाइन्टीएट किंवा एम२४ (एकेक गोळी भरून मारायची स्नायपर), आणि सोबत एआर. बोल्टवाल्याचं काम मारणं कमी आणि सांगणं जास्त, कारण मोठा स्कोप त्याच्याकडे, सगळ्यात आधी दिसतं त्याला. जो गप्प बसून खेळतो त्याला बोल्ट देऊ नका, कितीही चांगला नेम असला तरी. दुसऱ्याकडे डीएमआर (लांबचीच, पण भराभर मारता येणारी), एसकेएस किंवा एसएलआर किंवा मिनी१४, हा पहिल्याने नॉक केला की वरून गोळ्या टाकत राहतो म्हणजे समोरच्यांना रिव्हाइव्ह करायला, म्हणजे पडलेल्याला उचलायला, डोकं वर काढता येत नाही. तिसरा आणि चौथा रशर, म्हणजे पुढे घुसणारे, एआर आणि दुसरी एखादी जवळची, यूएमपी म्हणा, शॉटगन म्हणा. गाड्या जास्त फिरत असतील तर यांच्यातल्या एकाने डीपी-२८ घेतली तर वाईट नाही, ४७ गोळ्यांचं मॅगझिन, पळती गाडी थांबवायला बरी पडते, फक्त रीलोडला वेळ लागतो म्हणून घरात घेऊन शिरू नका.

स्कोपचंही तसंच. ६एक्स (सहापट मोठं दाखवणारा) मिळाला तर तो ३एक्सपर्यंत खाली आणता येतो, त्यामुळे एआरवर लावायला तो सोन्यासारखा आहे, आणि पोरं तो बोल्टवाल्याला देऊन टाकतात कारण 'स्कोप म्हणजे स्नायपरचा'. बोल्टवर ८एक्स नसेल तर ४एक्सनेही भागतं.

आणि एक, गवतात झोपून आपण लपलोय असं समजू नका. लांबून बघणाऱ्याला गवत दिसतच नाही, फक्त तुम्ही दिसता, मोकळ्या जमिनीवर पालथे.

दोन बोल्ट चालतील का टीममध्ये?

मिरामारला चालतील, जर दोघंही खरंच मारत असतील तर. नाहीतर एकच. दोघांना हौस असेल तर एक मॅच तुझी, एक मॅच त्याची.

गोळ्या कायम संपतात, कोण कोणाला किती देणार यावरून रोज भांडण.

हे बंदुकीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे आणि याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. चौघांच्या चार वेगळ्या पिशव्या आहेत असं समजू नका, एकच पिशवी चौघं उचलतायत असं समजा. सगळ्यांनी ५.५६ गोळीच्या बंदुका घेतल्या तर एका कंपाउंडमधली ५.५६ चौघांत विभागली जाते आणि ७.६२ तशीच जमिनीवर पडून राहते, जी पुढच्या टीमला फुकट. उलट दोघं ५.५६ आणि दोघं ७.६२ असले की कोणाचं कोणाला आडवं येत नाही.

ज्याची दोन्ही हत्यारं एकाच गोळीची त्याचं बरं असतं. एम४१६ आणि मिनी१४, दोन्ही ५.५६. बेरील किंवा एकेएम आणि वर करनाइन्टीएट नाहीतर एसकेएस, सगळं ७.६२. बॅगेत एकच ढीग. फक्त ७.६२ ची गोळी जड असते, तेवढ्याच बॅगेत ती कमी मावते, म्हणून मोठ्या मॅपला ७.६२ वाल्याने बॅगेकडे आधी बघावं आणि तिसऱ्या लेव्हलची बॅग मिळाली तर ती रशरला न देता त्याला द्यावी. एम४१६ सोबत बोल्ट घेतला असेल तर बोल्टसाठी वीस-तीस गोळ्या पुरतात, अख्खी मॅच जाते, शंभर-शंभर भरून घेणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांच्याकडे एकही स्मोक (धुराचा ग्रेनेड) नसतो. कॉलेजच्या ट्रिपला सात जीन्स आणि टूथब्रश नाही, तसला प्रकार.

स्मोक किती घ्यायचे? मी कधीच वापरत नाही.

मग तुझा मॅप छोटाच पाहिजे.

मोठ्या मॅपला, त्यातही मिरामारला, कव्हर नावाची गोष्ट विरळ. कोणी उघड्यावर नॉक झाला तर त्याला उचलायचा एकच मार्ग म्हणजे मध्ये भिंत उभी करणं, आणि ती भिंत म्हणजे स्मोक. एक स्मोक म्हणजे फक्त पत्ता सांगणं असतं, 'या, इथे मारा'. दोन-तीन पाहिजेत, एक नॉक झालेल्यावर, एक समोरच्याच्या तोंडावर, एक उगाच लांब फेकायला म्हणजे तो बुचकळ्यात पडेल. म्हणून आम्ही ८ बाय ८ ला माणशी किमान तीन धरतो, चौघांचे बारा. सॅनहॉकला दोन-दोन. लिविकला एक-एक पुरे, उरलेल्या जागेत फ्रॅग (फुटणारे ग्रेनेड), कारण तिथे माणसं घरात असतात आणि घरात फ्रॅग आणि मोलोटोव्हसारखं काही नाही.

फर्स्ट एडचंही लक्षात ठेवा, ते ७५ टक्क्यांपर्यंतच भरतं, त्याच्या पुढचं ड्रिंक आणि पेनकिलरवर. मोठ्या मॅपला झोनच्या बाहेर पळावं लागतं, तिथे ड्रिंकवालाच जगतो.

सॅनहॉकला आमचं कायम लवकर आवरतं, काय चुकतंय?

बहुतेक एरंगेलचं डोकं घेऊन जाताय. सॅनहॉक ४ बाय ४ आहे पण नुसतं छोटं नाहीये, झाडी आहे, चढ-उतार आहेत, समोरचा दिसायच्या आधी त्याच्या पावलांचा आवाज येतो. इथे मोठा स्कोप घेऊन तुम्ही पानं बघत बसता. रेड डॉट किंवा होलो (जवळच्या नेमाचे, झूम नसलेले) एका बंदुकीवर आणि दुसरीवर फार तर ३एक्स. आम्ही इथे बोल्ट घेतच नाही, त्याच्या जागी डीएमआर, कारण बोल्टचा एक नेम चुकला की दुसरी गोळी भरेपर्यंत समोरचा झाडामागे गेलेला असतो. आणि ठरवून सायलेन्सर एकाला तरी द्या, इथे लढाई चालू झाली की तिसरी टीम पाच मिनिटांत हजर, वरातीत घुसणाऱ्या आगंतुकांसारखी, आणि त्यांना पत्ता आपल्याच बंदुकीने दिलेला असतो.

लिविक आणि नुसा?

जे मिळेल ते उचला आणि भिडा. इथे निवडत बसायला वेळ नाही, जो चांगली लूट करायला थांबला तो गेला. चौघांपैकी तिघांकडे एआर आणि एसएमजी किंवा शॉटगन, चौथ्याकडे एक डीएमआर, मोकळ्या उतारांसाठी. एवढंच.

टीडीएमला (टीम डेथमॅच) वेअरहाऊसमध्ये काय घेऊ?

तो मॅप म्हणजे पार्किंग. ४ विरुद्ध ४, ज्यांचे ४० किल आधी होतील ते जिंकले. एम४१६ किंवा बेरील, नाहीतर सरळ एसएमजी. यात हौस म्हणून बोल्ट घेणारा एक असतोच प्रत्येक टीममध्ये, त्याला घेऊ द्या, फक्त कॉर्नर सांभाळायला सांगा आणि त्याच्या स्कोरवरून नंतर बोलू नका. नेम सुधारायला हा मोड उत्तम, पण इथली सवय एरंगेलला नेलीत की सगळीकडे पळत सुटाल.

एअरड्रॉपमधली (विमानातून पडणाऱ्या पेटीतली) एडब्ल्यूएम स्नायपर कोणी घ्यायची?

ज्याच्याकडे बोल्ट आधीपासून आहे त्यानेच. लेव्हल ३ चं हेल्मेट एका हेडशॉटमध्ये उडवणारी आहे, करनाइन्टीएटला लेव्हल २ पर्यंतच जमतं, त्यामुळे मोह होतो हे मान्य. पण तिची .३०० मॅग्नम गोळी ड्रॉपमध्येच मिळते, जमिनीवर शोधू नका. छोट्या मॅपला तर ड्रॉपकडे धावणं म्हणजे 'मी इथे आहे' असा बोर्ड घेऊन लक्ष्मी रोडवर उभं राहणं.

आम्ही व्हॅलोरंट (पाच विरुद्ध पाचचा गेम) खेळतो, तिथे तर मॅप सगळे सारखेच छोटे ना?

छोटे आहेत पण सारखे नाहीत. तिथे किलोमीटर बघायचे नसतात, नजर किती लांब जाते ते बघायचं. ब्रीझ आणि आइसबॉक्सला लांब लांब सरळ रेषा आहेत, बाइंड आणि स्प्लिटला कोपऱ्याला कोपरा, सदाशिव पेठेतल्या बोळांसारखं, वळलात की समोर कोणीतरी उभं.

म्हणून व्हँडल की फँटम, या दोन रायफलींचा वाद मॅपवर सोडवा. गेममधल्या पैशात किंमत दोन्हींची २९०० च. समोरच्याकडे पूर्ण शिल्ड असेल तर त्याचा जीव १५० होतो. व्हँडलचा हेडशॉट कुठूनही १६०, म्हणजे विषय संपला. फँटमचा जवळून १५६, तोही संपला, पण लांब गेलात की तो १५० च्या खाली येतो आणि समोरचा थोडासा जीव घेऊन पळतो आणि तुम्ही टेबलावर मूठ आपटता. त्या बदल्यात फँटममध्ये ३० गोळ्या, व्हँडलमध्ये २५, आणि स्मोकमधून मारताना फँटमच्या गोळीची रेघ समोरच्याला दिसत नाही. म्हणून बोळांच्या मॅपला तुमचा स्मोक टाकणारा फँटम घेईल तर शहाणा.

ऑपरेटर या स्नायपरचं मात्र पैशाचं गणित आहे. ४७०० ची बंदूक आणि १००० चं शिल्ड, ५७००. व्हँडल आणि शिल्ड ३९०० मध्ये होतं. मधले १८०० उरतात त्यात दोस्ताला १६०० ची स्पेक्टर येते. ब्रीझला ऑपरेटर ते १८०० वसूल करते, तिथे एकटा माणूस अख्खी बाजू अडवून धरतो. स्प्लिटला करेलच असं नाही. आणि दोस्त पिस्तुल घेऊन फिरत असताना आपण ऑपरेटर घेणं म्हणजे एकट्याने मस्तानी मागवून बाकीच्यांना ग्लासभर पाणी देणं, नियमात बसतं पण करू नये.

हेवन आणि लोटस या मॅपना साइट (बॉम्ब लावायच्या जागा) तीन आहेत. पाच जण तीन जागी म्हणजे कुठेतरी एकटाच उभा राहणार. त्या एकट्याने हौसेची बंदूक घेऊ नये, जी घेऊन पाठी सरकता येईल आणि मदत येईपर्यंत तग धरता येईल ती घ्यावी.

कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलला गनस्मिथमध्ये (बंदूक जुळवायच्या भागात) पाचच अटॅचमेंट लागतात, मॅपप्रमाणे वेगळे बनवायचे का?

हो, त्याच बंदुकीचे दोन सेट करून ठेवा, मॅच सुरू व्हायच्या आधी नुसतं बदलायचं. शिपमेंट म्हणजे कंटेनर लावलेलं एक अंगण, न्यूकटाउन त्याहून थोडं मोठं, तिथे रेंज वाढवणारं काही लावू नका, बंदूक डोळ्यापर्यंत पटकन यायला पाहिजे आणि पळता आलं पाहिजे, पाचही त्यासाठीच खर्चा. क्रॉसफायरसारख्या लांब रस्त्याच्या मॅपला उलट, रिकॉइल आणि रेंज. पर्कमध्ये छोट्या मॅपला स्फोटाचा मार कमी करणारं फ्लॅक जॅकेट टीममधल्या दोघांनी तरी लावावं, कारण शिपमेंटला ग्रेनेड गणपती विसर्जनातल्या गुलालासारखे उडत असतात. ग्रेनेड हवेतच उडवणारी ट्रॉफी सिस्टीम एकाकडे असू दे, पॉइंट धरून बसायचं असेल तर.

फ्री फायर मॅक्सचं काही?

तिथे ५० जण असतात आणि ग्लू वॉल (झटकन उभी करायची आडोशाची भिंत) हेच खरं हत्यार आहे. उघडा मॅप असेल तर बंदुकीआधी वॉल मोजा.

बॅटलफील्डला गेलो तर चौघं असॉल्टच घेतो, टँक आला की सगळे मरतो.

मरणारच ना भावा. तिथे चार क्लास आहेत, असॉल्ट, इंजिनियर, सपोर्ट, रेकॉन, आणि स्क्वाडही चौघांचाच, पण म्हणून एकेक वाटून घ्यायचा असं नाही. मोठा मॅप, टँक आणि हेलिकॉप्टर असतील तर दोन इंजिनियर, एक सपोर्ट, एक रेकॉन. एका इंजिनियरच्या रॉकेटने टँक मरत नाही, तो मागे सरकतो, दुरुस्त होतो आणि परत येतो, दोघांनी लागोपाठ मारलं तर काहीतरी होतं. गल्लीबोळांचा छोटा मॅप असेल तर इंजिनियर एक किंवा शून्य, सपोर्ट दोन, कारण तिथे माणसं पडत राहतात आणि उचलणारा पाहिजे.

माझा फोन साधा आहे, गरम होतो, लांबचं काही दिसतच नाही. मी कुठला रोल घेऊ?

रशर किंवा सपोर्ट घे, मनापासून सांगतोय. ज्याचा फोन तीनशे मीटरवरचा माणूस नीट दाखवत नाही त्याने ८एक्स घेऊन टीमची जागा अडवू नये. आमच्यातही एकाचा फोन तसाच आहे, तो स्मोक आणि हील सांभाळतो, गाडी चालवतो, आणि खरं सांगू का, आम्ही त्याच्यामुळेच जास्त वेळा टॉप टेनला जातो. नेट डुलत असेल तरी तेच, पिंग वर-खाली होताना बोल्ट मारून बघ, गोळी काल लागते.

मॅच चालू असताना बदलायचं कधी? आमच्या लक्षातच येत नाही.

आम्ही चौथ्या झोनच्या आसपास एकदा थांबतो. आमचा आयजीएल (मॅचमध्ये टीमला सूचना देणारा) ओरडतो 'पिशवी दाखवा', आणि प्रत्येकाने पटकन सांगायचं, स्मोक किती, फ्रॅग किती, जवळची बंदूक कुठली. ज्याच्याकडे जवळची नाही त्याने पुढच्या पडलेल्या क्रेटमधून ती घ्यायची आणि मोठा स्कोप सोडून द्यायचा, कितीही जीव गुंतलेला असला तरी. ज्याच्याकडे स्मोक चार त्याने दोन खाली टाकायचे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पहिले काही दिवस पोरं कुरकुर करतात, एकाने तर 'काय शाळेत हजेरी लावल्यासारखं' म्हणून माइक बंद केला होता, आणि नेमकी त्याच मॅचला त्याच्याकडे १८० गोळ्या, दोन ८एक्स आणि स्मोक शून्य निघाले.